जात, माहीत असल्यास

आमच्या काउंटीत कुत्र्याचा परवाना ऑडिटर देतो.

हे ऐकल्यावर अमेरिकन माणूस 'बरं' म्हणून पुढच्या कामाला लागतो. मराठी माणूस मात्र आधी बसायला खुर्ची शोधतो. माझे वडील सहकारी बँकेत होते. ऑडिटर येणार असा सुगावा लागला की आमच्या घरात फोडणीसुद्धा दबक्या आवाजात पडायची. मार्चअखेर वडील रात्री झोपेत आकडे पुटपुटत आणि आई उशाशी बसून ते पडताळून पाहत असे. असा ऑडिटर कुत्र्याकडे कुठल्या नजरेनं बघेल, या विचारानंच माझ्या पोटात गोळा आला.

पण हे ओहायो राज्य आहे. इथे 88 काउंट्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी ऑडिटर चक्क मतं मागून, चार वर्षांसाठी निवडून येतो. जमीनजुमल्याची किंमत दर सहा वर्षांनी नव्यानं ठरवायची, पेट्रोलपंपाचं माप बरोबर आहे का ते तपासून त्यावर स्वतःच्या नावाचा स्टिकर लावायचा, दुकानातले तराजू बघायचे, सिगारेट विकायचा परवाना द्यायचा आणि उरलेल्या वेळात कुत्रे मोजायचे. आपल्याकडे तलाठी, वजनमापे निरीक्षक आणि आणखी दोन-तीन खाती मिळून जो त्रास देतात, तो इथे एकाच माणसाच्या गळ्यात बांधलेला आहे. गाडीत पेट्रोल भरताना ज्याचं नाव समोर दिसतं, तोच गृहस्थ आपल्या कुत्र्याचा मायबाप. मी तर पंपापाशी उभं राहिल्यावर हल्ली खिशातले हात बाहेर काढतो.

मी इथल्या एका कारखान्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवतो, म्हणजे बनवणाऱ्यांच्या बैठका घेतो. घर गावाबाहेर. एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला सोयाबीन, समोर रस्ता आणि मागे एक म्हातारे शेतकरी, ज्यांना आम्ही घरात 'मेंढीवाले काका' म्हणतो. त्यांच्या गोठ्यात कुणाच्या तरी कुत्रीनं पिल्लं घातली आणि त्यातलं एक, जे बाकीच्यांच्या अंगावर उभं राहून भुंकत होतं, ते काकांनी आमच्या मुलीच्या हातात दिलं. तिनं नाव ठेवलं बंड्या. हे नाव माझ्या धाकट्या भावाचं घरातलं नाव आहे, हे तिला ठाऊक होतं. भावाला अजून सांगितलेलं नाही.

"याचा जन्म कधीचा?" मी काकांना विचारलं.

"सोयाबीन काढलं त्या आठवड्यातला."

मला एकदम कऱ्हाडला गेल्यासारखं वाटलं. माझी आजी 'गुऱ्हाळं सुरू झाली तेव्हाची' होती आणि एका मामाचा जन्म कोयनेच्या भूकंपानंतर 'म्हशीला रेडकू झालं त्याच्या आदल्या दिवशी'चा. शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्यांची जन्मतारीख 1 जून लिहून टाकली. आमच्या आळीत 1 जूनला इतके वाढदिवस असतात की त्या दिवशी कुणीच कुणाला शुभेच्छा देत नाही. मी बंड्याचीही 1 जूनच लावणार होतो, पण सोयाबीन इथे ऑक्टोबरच्या सुमारास निघतं. जूनचा जन्म दाखवला असता तर कुत्रा आईच्या आधी जन्मल्याचा संशय आला असता.

जानेवारीत एकदा काका कुंपणापाशी थांबले. उणे दहा तापमान होतं, आणि त्या थंडीत इथला शेतकरी फक्त दोनच कारणांसाठी थांबतो. एक, ट्रॅक्टर. दुसरं, फुकटचा सल्ला.

"टॅग घेतलास का?"

"कसला?"

"कुत्र्याचा. तीन महिन्यांचा झाला की लागतो. एकतीस जानेवारी शेवटची. नंतर गेलास तर फी एवढाच दंड."

"तो तर घरातच असतो, काका."

काकांनी बंड्याकडे बघितलं, मग आपल्या मेंढ्यांकडे बघितलं. "सगळे घरातच असतात," ते म्हणाले, "मेंढी मरेपर्यंत."

मग त्यांनी मला इतिहास सांगितला. कुत्र्यांच्या परवान्याचा आणि प्राणिप्रेमाचा इथे मुळात फारसा संबंधच नाही. या राज्यात मेंढ्या पुष्कळ, आणि मोकाट कुत्रे रात्री कळपात शिरायचे. मग कुत्रे पाळणाऱ्यांकडून पैसे गोळा करायचे आणि ज्याची मेंढी गेली त्या शेतकऱ्याला त्यातून भरपाई द्यायची, अशी ही जुनी व्यवस्था. म्हणजे मी जे भरणार होतो ते एका अर्थानं बंड्याच्या भावी गुन्ह्यांचं आगाऊ प्रायश्चित्त होतं. प्रत्यक्षात बंड्या मेंढ्यांच्या कुंपणापाशी एकदाच गेला, तेव्हा एका कोकरानं त्याला हुंगलं आणि तो माझ्या दोन्ही पायांच्या मधून घरात पळाला. भरपाई मागायची झाली तर ती आम्हीच मागायला हवी होती.

त्या रात्री मी ओहायोच्या कायद्याचं 955वं प्रकरण उघडलं. ते सबंध कुत्र्यांवर आहे. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा ती येऊन मागे उभी राहिली.

"कुत्रा पाळलायस की त्याचं वकीलपत्र घेतलंयस?"

"ऐक तरी. कायद्यात काय लिहिलंय बघ. अर्जात कुत्र्याचं वय, लिंग, रंग, केस आखूड की लांब, आणि जात. आणि जातीच्या पुढे काय आहे माहितीये? 'माहीत असल्यास'!"

मी हे तिला तीनदा वाचून दाखवलं. माझं आयुष्य अर्ज भरण्यात गेलं, पण जातीचा रकाना छापून त्यापुढे 'माहीत असल्यास' असं नम्रपणे म्हणणारं सरकार मी पहिल्यांदाच पाहत होतो. पडताळणी समिती नाही, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नाही, महसुली पुरावा नाही. माहीत असेल तर सांगा, नाहीतर राहू द्या.

आणखी एक कलमी मौज. कुत्रा ज्या काउंटीत ठेवलेला असेल तिथे नोंदवायचा. आता दत्तगुरूंचं काय झालं असतं? चार कुत्रे, म्हणजे चार टॅग. तिथपर्यंत ठीक. पण सकाळी स्नान काशीला, दुपारी भिक्षा कोल्हापूरला आणि रात्री निद्रा माहूरगडावर. पत्ता कुठला लिहायचा? बरं, माहूर दाखवलं तर कोल्हापूरच्या कुत्रेवाल्या साहेबानं दुपारी पकडलंच असतं. मी ही शंका आईला फोनवर सांगितली. ती म्हणाली, "अरे, त्यांना कोण अडवतंय? तू स्वयंपाकघरातल्या नळाचं गळणं बघ आधी."

मग मी फाइल तयार केली.

इथे माझ्या स्वभावाविषयी थोडं सांगायला हवं. मला फाइल तयार करताना जो आनंद होतो तो इतर माणसांना लग्नात होतो. प्लास्टिकच्या पाकिटांची निळी फाइल, पहिल्या पानावर अनुक्रमणिका, प्रत्येक कागदाच्या दोन छायाप्रती, एकावर 'मूळ प्रतीनुसार खरी' असं लिहून सही. विजेचं बिल, घरभाड्याचा करार, पासपोर्ट, व्हिसा, कारखान्याचं पत्र. बंड्याच्या लसीकरणाचा कागद. गोठ्याच्या मालकाकडून जन्माबद्दलचं निवेदन मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण काकांनी कागदाकडे बघून "सोयाबीनचा भाव काय चाललाय?" असा विषय बदलला.

फोटोचा प्रश्न राहिला. कायद्यात फोटो मागितलेला नाही, हे मला माहीत होतं. पण मागितलेला नाही म्हणून न नेता जाणारा माणूस कुठल्याही खिडकीवर परत पाठवला जातो, हे मला जास्त चांगलं माहीत होतं. म्हणून अमेरिकन व्हिसाला लागतो तसाच काढायचं ठरवलं. दोन इंच बाय दोन इंच, पार्श्वभूमी पांढरी, नजर समोर, चेहऱ्यावर भाव नाही. सोफ्यावर पांढरी चादर टांगली. मुलगी बिस्कीट धरून कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिली, बायको बंड्याचं हनुवटीखालचं कातडं सरळ करत होती. त्याचा एक कान उभा राहतो आणि दुसरा कुठल्यातरी जुन्या विचारात पडल्यासारखा लोंबतो. दोन्ही कान एका पातळीत आणायला गेलो तर भाव येतो, भाव घालवला तर जीभ येते. शेवटी त्यानं पांढरी पार्श्वभूमी दातात धरून खाली ओढली आणि ती पांघरून पलंगाखाली गेला. जे फोटो निघाले त्यांतल्या सगळ्यात गंभीर फोटोत मीच होतो.

भावाचा फोन त्याच गडबडीत आला.

"दादा, कुत्र्याला परवाना? तुमच्या अमेरिकेत काय काय चालतं!"

"आपल्या पुण्यातही लागतो, महानगरपालिकेचा."

"काहीतरीच काय!"

"अरे, आहे तसा नियम."

"मग आमच्या सोसायटीतल्या कुणी का नाही काढला?" हा पुरावा पुण्यात निर्णायक मानला जातो. मग त्यानं नेहमीप्रमाणे व्याख्यान दिलं. इंग्लंडमध्ये कुत्र्याचा परवाना अखेरीला 37 पेन्सला मिळायचा आणि गोळा करायचा खर्च त्याहून जास्त म्हणून 1987 मध्ये तो बंदच केला. आणि सरकारनं कुत्र्यांच्या वाटेला जाऊ नये हे मुंबईनं 1832 मध्येच दाखवून दिलंय. तेव्हा कंपनी सरकारच्या पोलिसांनी रस्त्यावरचे कुत्रे मारायला काढले, पारशी मंडळी भडकली, दंगल झाली आणि बाजार बंद पडले. "त्यामुळे तू सांभाळून राहा," तो म्हणाला. नेमकं कुणापासून सांभाळायचं, हे त्यानं सांगितलं नाही. "आणि हो, कुत्र्याचं नाव काय ठेवलंत?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय.

शेवटच्या आठवड्यात कोर्टहाउसवर गेलो. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची ही कोर्टहाउसं बघण्यासारखी असतात. गाव दीड गल्लीचं, पण मध्ये दगडी इमारत अशी की आत व्हाइसरॉय बसला असावा. वर घड्याळाचा मनोरा, समोर यादवी युद्धातला दगडी शिपाई, बर्फामुळे त्याच्या टोपीवर आणखी एक टोपी. आत शिरताना माझे तळहात घामेजले होते. बंड्याला बरोबर घेतलं होतं, कारण 'प्रत्यक्ष हजर करा' म्हणाले तर पुन्हा खेटा नको.

रांगेत माझ्यापुढे एक शेतकरी होता. त्याच्याकडे पाच कुत्रे होते आणि तो त्यांची माहिती आठवून सांगत होता. "एक काळा, एक काळाच पण मोठा, एक म्हातारा, एक माझ्या बायकोचा, आणि एक कुणाचाय माहीत नाही पण खातो आमच्याकडे." खिडकीतल्या बाईंनी हे सगळं लिहून घेतलं! शेतकऱ्यानं पाच पत्र्याचे टॅग खिशात टाकले आणि तो चार पावलांत दाराबाहेर गेला. मला वाटलं, हा ओळखीचा असणार.

माझा नंबर आला. खिडकीत पांढऱ्या केसांच्या, चष्म्याला साखळी लावलेल्या बाई. शेजारी दोन बरण्या, एकीत माणसांच्या गोळ्या, दुसरीत कुत्र्यांची बिस्किटं. मी निळी फाइल काउंटरवर ठेवली. ती पडल्याचा आवाज शेजारच्या खिडकीपर्यंत गेला.

"हे काय आहे, हन?"

"कागदपत्रं."

"कशाची?"

"माझी. म्हणजे याची. म्हणजे आमच्या दोघांची."

त्यांनी फाइलकडे बघितलं, पण हात लावला नाही. एक छोटा अर्ज पुढे ओढला. "नाव?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"कुत्र्याचं."

"बंड्या."

"बँडिट! किती गोड," त्या म्हणाल्या आणि लिहून टाकलं. दुरुस्ती सांगायला मी तोंड उघडलं. पण रकान्यात एकदा शाई पडली की त्यावर बोट ठेवायचं नाही, त्यातून वेगळा अर्ज निघतो, हे मी वडिलांच्या घरात शिकलो होतो. मी गप्प बसलो.

"रंग?"

"तपकिरी. पाठीवर काळा. छातीवर पांढरा. डाव्या पायावर थोडा पिवळसर, पण तो उन्हात बघावा लागतो."

"मल्टी," त्यांनी लिहिलं. "केस आखूड की लांब?"

इथे मात्र मी हटून बसलो. बंड्याचे केस पाठीवर आखूड आहेत आणि शेपटीवर लांब. कानावर मध्यम. मी त्याला उचलून काउंटरवर धरला आणि अंगाचा एक एक भाग दाखवायला लागलो. बाई चष्मा लावून पाहत राहिल्या. मागे रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "माझ्या मते लांब." त्याच्या मागची बाई म्हणाली, "आखूड. शेपटी धरत नाहीत." एक चर्चा सुरू झाली. अशा वेळी आपल्याकडे समिती नेमतात. बाईंनी खिडकीतून हात काढून बंड्याच्या पाठीवरून फिरवला, तो फिरवताना शेपटी मुद्दाम टाळली, आणि 'आखूड' वर खूण केली. अपिलाची सोय नव्हती.

"जात?"

मी घसा साफ केला. "आई बहुधा बीगल. वडिलांविषयी काकांचं म्हणणं असं आहे की..."

"मिक्स," त्या म्हणाल्या. एका शब्दात सगळं कूळ संपलं.

मग त्यांनी विचारलं, एक वर्षाचा, तीन वर्षांचा की पर्मनंट?

मी म्हटलं, "काय?"

"पर्मनंट. कुत्र्याच्या आयुष्यभराचा. एका वर्षाच्या फीच्या दहापट."

मला खुर्ची हवी होती, पण खिडकीपुढे खुर्ची नसते. आम्ही नवरा-बायको या देशात तीन-तीन वर्षांच्या व्हिसावर राहतो. ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर होऊन पडलेला आहे, पण वर्षाच्या कोट्यातली कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं द्यायची नाहीत असा नियम आहे, आणि भारतातून आलेले सुशिक्षित लोक सात टक्क्यांत मावत नाहीत. दर महिन्याला परराष्ट्र खात्याचं एक पत्रक निघतं, त्यात रांग कुठवर सरकली ते छापतात. मी ते पंचांगासारखं वाचतो. कधी दोन आठवडे पुढे, कधी आहे तिथेच, कधी चक्क मागे. मुलगी इथे जन्मली म्हणून नागरिक. बंड्या इथल्या गोठ्यात जन्मला. आणि आता बाई त्याला काउंटरवरच पर्मनंट करायला निघाल्या होत्या.

"त्याला किती थांबावं लागेल?" मी विचारलं.

"कशाला, हन?"

"पर्मनंटला."

"चेक आहे ना तुझ्याकडे?"

मी बायकोला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. "दहापट?" ती म्हणाली. "आपल्याला कुणी शंभरपट म्हणालं असतं तरी आपण दिले असते. घे."

तरी मी हिशेब केलाच. अशा मिश्र जातीचे कुत्रे बारा-तेरा वर्षं जगतात, म्हणजे दहाव्या वर्षापर्यंत तोटा, पुढे निव्वळ नफा. हा हिशेब नंतर आईला कौतुकानं सांगितला तेव्हा ती भडकली. मुक्या जनावराच्या आयुष्याची अशी बेरीज करू नये, दृष्ट लागते, म्हणून तिनं फोनवरूनच बंड्याची मीठ-मोहरी उतरवली.

"आता दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागेल का?" मी बाईंना विचारलं. "आमच्याकडे पेन्शनवाल्यांना द्यावा लागतो. जिवंत असल्याचा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी प्रश्न नीट समजून घेतला. "नाही, हन. इथे कुत्रा जिवंत असला की शेजारी कळवतात."

त्यांनी टॅग पुढे सरकवला. पत्र्याचा, नंबर कोरलेला, काउंटीचं नाव. आणि झालं. घड्याळाकडे पाहिलं तर सगळा व्यवहार कपभर चहाच्या वेळात आटोपला होता, त्यातला निम्मा वेळ शेपटीवर गेला. निळी फाइल तशीच बंद.

मी हललो नाही.

"आणखी काही?"

"नाही, म्हणजे... यावर सही?"

"छापलेली आहे."

"शिक्का?"

"कसला शिक्का?"

हे समजावणं अवघड होतं. मी घरी जाऊन सांगणार काय, की सरकारी कचेरीत गेलो, एकही कागद मागितला नाही, कुणी उद्या या म्हणालं नाही, साहेब जेवायला गेलेले नव्हते आणि काम झालं? माझ्या घरात हे कुणी खरं मानलं नसतं. मीच मानत नव्हतो. काहीतरी राहिलं होतं, ते वर्षभरानं निघणार होतं आणि मी दोषी ठरणार होतो. मी फाइलमधून बंड्याच्या लसीच्या कागदाची छायाप्रत काढली आणि अगदी अजिजीनं पुढे केली. "यावर, काही असेल तर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडला, आत बरंच चाचपडल्या, शेजारच्या खिडकीत जाऊन काहीतरी कुजबुजल्या आणि एक लाकडी मुठीचा जुना शिक्का घेऊन आल्या. त्यावर शाई वाळलेली होती. त्यांनी त्याच्यावर तोंडानं वाफ सोडली आणि माझ्या छायाप्रतीवर ठाण् करून मारला. अर्धा उमटला. 'पावती' की 'पोहोचलं' असं काहीसं. तारीख 2009 ची होती.

"बरं वाटतंय का आता?"

खरंच वाटत होतं. बंड्याला त्यांनी एक बिस्कीट दिलं आणि मलाही माणसांच्या बरणीतली एक गोळी.

घरी टॅगचं कौतुक तीन दिवस टिकलं. चौथ्या रात्रीपासून तो वाजायला लागला. बंड्या कानामागे खाजवतो तेव्हा, पाणी पितो तेव्हा, आणि पहाटे तीनला कुठलंही कारण नसताना. बायको म्हणाली, देवळात राहायला गेल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, काढून ठेवू. पण कायदा म्हणतो टॅग कुत्र्याच्या अंगावरच हवा. मग मुलीनं तो गळपट्ट्याला चिकटपट्टीनं गुंडाळला. आवाज थांबला, पण नंबरही झाकला गेला. रात्रीपुरती चिकटपट्टी लावायची आणि सकाळी काढायची, असं ठरलं. आमच्याकडे आता सकाळच्या चहाआधी सगळ्यात पहिलं काम म्हणजे कुत्र्याची ओळख उघडणं.

मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि बंड्या पळाला.

आमच्या भागात आमिश लोक बरेच. ओहायोत होम्स काउंटीच्या आसपास त्यांची फार मोठी वस्ती आहे, घोड्याच्या बग्ग्या, कंदील, घरात वीज नाही. बंड्या शेतातून थेट अशाच एका घरी गेला आणि ओसरीवर बसला. त्या घरच्या माणसानं टॅग बघितला. घरात फोन नाही, पण पुष्कळ आमिश कुटुंबं मिळून रस्त्याच्या कडेला फोनची एक खोपी ठेवतात. तिथवर चालत जाऊन त्यानं कचेरीला कळवलं, कचेरीनं डॉग वॉर्डनला आणि वॉर्डननं मला. एकविसाव्या शतकातल्या इंजिनिअरचा कुत्रा अशा रीतीनं सापडला.

"तुमच्याकडे बँडिट नावाचा कुत्रा आहे?"

"नाही," मी म्हटलं. "आमचा बंड्या आहे. तो हरवलाय."

"टॅगचा नंबर सांगता का, सर?"

झोपेतून उठवून विचारला तरी मला एकच नंबर आठवतो, माझ्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा. तीन अक्षरं आणि दहा आकडे. तोच मी घडाघडा म्हटला. पलीकडे बराच वेळ शांतता.

"एवढा लांब नंबर आमच्याकडे गायींनासुद्धा नसतो, सर."

वॉर्डन त्याला स्वतःच्या ट्रकमधून घेऊन आला. बंड्या पुढच्या सीटवर बसला होता, खिडकीतून डोकं बाहेर, लोंबणारा कानही वाऱ्यानं उभा. व्हिसाछाप फोटोला हवा होता तो चेहरा मला तेव्हा दिसला. वॉर्डननं मला नियम सांगितला, तोही सहज, बुटावरचा चिखल झटकत. टॅग नसलेला कुत्रा तीन दिवस ठेवतात. टॅग असला की मालकाला कळवतात आणि चौदा दिवस वाट बघतात.

"चौदा दिवस?" बायको आतून म्हणाली. "आमची नोकरी गेली तर आम्हाला साठ दिवस देतात देश सोडायला."

"तुम्हाला जास्त आहेत की मग," वॉर्डन म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. हिशेब खरोखरच बरोबर होता.

उन्हाळ्यानंतर निवडणुका आल्या. काउंटी कमिशनरच्या जागेला उभा असलेला एक उमेदवार दारोदार फिरत आमच्याही दारात आला. डॉग वॉर्डनला नेमणारे हेच कमिशनर. हातात मतदारांची यादी, छातीवर बिल्ला, मागे दोन शाळकरी पोरं पत्रकं घेऊन. त्यानं हात मिळवला, मक्याचं पीक छान आलंय म्हणाला (मका आमचा नाही), आणि यादीवरून बोट फिरवत विचारलं, "या घरात रजिस्टर्ड कोण आहे?"

मी माझी परिस्थिती सांगायला सुरुवात केली. तीन वर्षांचा व्हिसा, सात टक्के, पत्रक. तो मान हलवत होता, पण त्याचं बोट अजून यादीवर होतं. मुलगी म्हणाली, मी आहे नागरिक, पण मी अकरा वर्षांची आहे.

तेवढ्यात बंड्या टॅग वाजवत बाहेर आला. बायकोनं त्याच्याकडे बोट दाखवलं. "हा एकटाच रजिस्टर्ड आहे. पर्मनंट."

उमेदवार खाली वाकला. त्यानं टॅग बोटात धरून नंबर वाचला, मग पोराच्या हातातलं एक पत्रक घेतलं आणि ते बंड्याच्या तोंडात दिलं.